एकोणीस रिकाम्या खाटा

ती. काकांना,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकायला इथे जागा नाही, माझ्या टेबलाभोवती फायलींचे गठ्ठे आहेत, तेव्हा तूर्त चार-पाच अंगांवर भागवून घ्या.) काकूलाही नमस्कार. तुमच्या तब्येतीची चौकशी मी करणार नाही. मागच्या दोन पत्रांत केली होती. काकूच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या पत्राची घडी करून तुम्ही ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीत आणि दुसऱ्याने चष्मा पुसलात. त्यामुळे तुमचा हर्निया, खोकताना पोटाला धरलेला तुमचा हात, आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं व तुम्ही "माझ्यापेक्षा गरजू माणसाला मिळू दे ती खाट" असं म्हणून टोलवलेलं ते काम, यातल्या कशाचाही उल्लेख या पत्रात येणार नाही. हे पत्र निव्वळ माझ्या फजितीबद्दल आहे. दुसऱ्याची फजिती तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, हे तुमच्या घरात दहा वर्षं राहून मला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही दर वेळी विचारता की मी ऑफिसात नक्की करते काय. तर मी खाटांचं भविष्य सांगते. अजून वीस वर्षांनी या शहरात किती माणसं असतील, त्यांतली किती आजारी पडतील, प्रत्येकजण किती दिवस पडून राहील, आणि त्या सगळ्यांना मिळून किती खाटा लागतील, असा तो हिशेब. (ऑफिसात त्यांना खाटा म्हणतात, वॉर्डात बेड म्हणतात, आणि ज्याला मिळत नाही तो काय म्हणतो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) आमचे साहेब सरासरीचे भक्त आहेत. कुठलंही संकट आलं की ते त्याला वर्षाच्या दिवसांनी भागतात, मग ते संकट इतकं लहान होतं की घरी जाऊन शांत जेवता येतं. तुम्ही आयुष्यभर बसची वेळापत्रकं केलीत आणि मला एकच गोष्ट शिकवलीत, की सरासरी प्रवासी नावाचा माणूस अजून एकाही बसमध्ये चढलेला नाही. हे मी साहेबांना एकदा ऐकवलं होतं. त्यांनी त्यावर तुमचं शिक्षण विचारलं.

या वेळी मी ठरवलं की जुन्या रुग्णालयाकडून आलेला कागद न उतरवता स्वतः जाऊन मोजायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऑफिस साडेदहाला उघडतं, हजेरीवर सही करून बसने तिथे पोचायला अर्धा तास, म्हणजे अकरा. कामाचे सलग सात दिवस मी बरोबर अकराला पूर्वेकडच्या वॉर्डाच्या दारात उभी राहिले, आत पाऊल न टाकता (आजाऱ्यांना त्रास नको, हा माझा सुसंस्कृतपणा) बोटाने खाटा मोजल्या आणि लिहून घेतल्या. खाटा तीस. माणसं अकरा. बाकीच्या एकोणीस खाटांवर ताणून घातलेल्या चादरी, एक सुरकुती नाही. सातही दिवस आकडा तोच. काका, खरं सांगते, आकडा सात दिवस हलत नाही म्हटल्यावर मला संशय यायला हवा होता. मला अभिमान वाटला.

साहेबांना तर आनंद मावेना. त्यांनी माझा आकडा मागच्या वर्षांच्या आकड्यांना जोडून वीस वर्षं पुढे ढकलला, आणि या गतीने विसाव्या वर्षी त्या वॉर्डात एकही पेशंट उरणार नाही असं निघालं. (त्यांच्या एका कच्च्या कागदावर तर तीन पेशंट शून्याच्याही खाली गेले होते. ते खोडायला मीच सांगितलं.) लगेच ठराव तयार झाला: पूर्वेकडचा वॉर्ड भविष्यात अनावश्यक, खाटा हलवाव्यात, आणि त्या जागेत सभागृह करावं. कसलं सभागृह, तर शहराला खाटा कमी का पडतात याचा विचार करणाऱ्या समितीच्या बैठकांसाठी. टेप घेऊन एकजण लांबी-रुंदी मोजूनही आला. आणि ठरावाच्या तळाशी, "प्रत्यक्ष मोजणी करणार" या शब्दांपुढे, तुमच्या पुतणीची सही.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना कागदाने कळण्याआधी आपण समक्ष सांगावं, एवढी माणुसकी माझ्यात होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मी किती वाजता येत होते ते विचारलं, आणि मग माझं मनगट धरून, पेशंटला चालवतात तसं चालवत मला मागच्या दाराने व्हरांड्यात नेलं. तिथे उन्हात बाकांवर तेवीस माणसं बसलेली होती. माझ्या एकोणीस रिकाम्या खाटांची माणसं, आणि वर चार जास्तच. त्या वॉर्डात म्हणे तीस वर्षांची पद्धत आहे: ज्याला पाय टाकता येतो त्याला दहा ते बारा उन्हात बसवायचं. तेवढ्यात चादरी बदलून होतात. शिवाय सिस्टरांचं मत असं की आडवा माणूस आपल्या दुखण्याचा विचार करतो, आणि बसलेला शेजाऱ्याच्या. एका आजोबांनी मला ओळखलं. रोज खिडकीतून ते मला बघत होते. मी धोब्याकडची, चादरी मोजायला येणारी बाई, असा त्यांचा समज होता. माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलेलं नाही.

सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "बाई, तुम्ही चादरी बघितल्या. आता या तीस खाटा गेल्या, तर यांतल्या कोणाला घरी पाठवू ते तुम्हीच सांगा." मी त्या तेवीस जणांना पुन्हा एकदा बोटाने मोजलं. वरचे चार कोण असं विचारलं, तर ते रात्री जमिनीवर गाद्या टाकून झोपणारे. आमच्या तक्त्यात जमिनीला रकाना नाही.

आता साहेबांना सांगायचं कसं, इथे घोडं पेंड खात होतं. आकडा एकदा वर गेला की परत येत नाही, असं त्यांचं तत्त्व. मी चूक माझी आहे म्हटलं, त्यांनी ती सरासरीत विरून जाईल म्हणून समजूत घातली. शेवटी मी सांगितलं की ठरावावरची सही मी मागे घेते, नाहीतर उद्या सकाळी सहाला तुम्ही स्वतः चला. (टेबलाच्या कडेला धरून बोलले.) सही मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि तो अर्ज कोणाकडेच नाही, म्हणून ते आले.

स्वेटर, कानटोपी, आणि चेहऱ्यावर अर्धवट झोप, अशा थाटात साहेब वॉर्डात शिरले आणि समोर एक खाट रिकामी दिसताच, "ही बघा," असं म्हणून तिच्यावर बसले. त्या खाटेचा मालक तोंड धुवायला गेला होता. तेवढ्यात सकाळच्या फेरीची नवी सिस्टर आली, तिने खाटेवरचा माणूस बघितला आणि साहेब दुसरं वाक्य बोलायच्या आत त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं. मोठ्या सिस्टर दारातून बघत होत्या; त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. तीन मिनिटं साहेबांना बोलता येईना. आणि बोलता येत नसल्यामुळे, मला वाटतं नोकरीत प्रथमच, ते बघत बसले. मग त्यांचं बोट हळूहळू एकेका खाटेवरून फिरायला लागलं. तीस झाल्यावर ते बोट खाली जमिनीकडे वळलं. चौतीस. थर्मामीटर काढल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. ठराव रद्द झाला आहे, वॉर्ड राहतोय, नव्या आराखड्यात तिथे आणखी बारा खाटा धरल्या आहेत, आणि तक्त्यात "जमिनीवर" असा रकाना आला आहे. साहेबांना ताप नव्हता.

तर असं हे माझं पराक्रमपुराण. तुम्ही हसत असाल. हसताना पोट धरावं लागलं असेल तर का, ते विचारत नाही.

तुमची पुतणी

ता. क. — येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता पूर्वेकडच्या वॉर्डात यायचं आहे. ऑपरेशन मंगळवारी. वशिला लावलेला नाही. चार महिन्यांपूर्वी काकूने तुमच्या नकळत नाव नोंदवलं होतं, आणि रांगेतली तुमच्या पुढची सगळी माणसं, जमिनीवरच्या त्या चौघांसकट, बरी होऊन घरी गेली. मी एकेक नाव तपासलं, या वेळी दारातून नव्हे. तुमच्यापेक्षा गरजू असा त्या यादीत कोणी उरलेला नाही. तो मान आता तुमचा.

आणखी एक ता. क. — ऑपरेशन हा शब्द मुद्दाम इथवर अडवून धरला, कारण तो दिसला की तुमचं वाचन संपतं. मघाशी लिहिलं की हे पत्र माझ्या फजितीबद्दल आहे, ते खोटं. काकू म्हणते, परवा जिना चढताना तुम्ही मध्येच बसलात आणि बुटाची नाडी सुटली म्हणालात. पायात चपला होत्या. मला भीती वाटते, काका.

शेवटचा ता. क. — दाखल करायचा फॉर्म मी भरून दिला आहे. पेशंटसोबत कोण राहणार, तिथे माझं नाव घातलं. त्याच्या पुढे नात्याचा रकाना होता. वर या पत्राला पुतणी अशी सही केली खरी, पण तिथे लिहिताना हात थांबला, आणि मी "मुलगी" लिहिलं. चूक वाटत असेल तर खोडता येईल. मात्र खोडायला पेशंटला स्वतः यावं लागतं.