आईच्या दगडावरचं अक्षर

लिहून ठेवणार: तोंग रुईलिन, वय चौपन्न, प्रांतिक पार्टी कार्यालयात कागदोपत्री संशोधक, प्रत्यक्षात साहेबांच्या नावाने पाट्या लिहिणारा, राहणार रोंगपिंग.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहीत आहे. नोकरी लागल्यापासून स्वतःच्या मनाने काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ. शैलीत उणंअधिक राहिल्यास वारसांनी सांभाळून घ्यावं.

१. ऑफिस कॉलनीतला फ्लॅट पत्नी छ्यूयुन हिला द्यावा. सोमवारनंतर ऑफिसने तो परत मागितल्यास तिने निदान भांडी सोडू नयेत.

२. सोमवारचं कारण असं. आमच्याकडे साहेब मोठा झाला की पुलावर, शाळेवर, दवाखान्यावर त्याच्या हस्ताक्षरातली पाटी लागते. पार्टी सेक्रेटरी कुआंग यांचं अक्षर शाईत पडलेलं झुरळ चालत गेल्यासारखं, म्हणून ते मी काढत असे. गव्हर्नर लुआन यांचंही मीच काढत असे, जरा उजवीकडे झुकवून. बीजिंगला पॉलिटब्युरोत, म्हणजे पार्टीच्या सर्वोच्च मंडळात, एक खुर्ची रिकामी होणार होती. ती मिळावी म्हणून दोघे एकमेकांच्या मेहुण्यांची आणि जमिनींची प्रकरणं उकरत होते, आणि मी दोघांसाठी एकाच शाईत कुंचला बुडवत होतो. स्वतःला मी तटस्थ कलावंत म्हणवत असे. छ्यूयुनचा शब्द वेगळा आहे, तो मृत्युपत्रात शोभत नाही.

गेल्या महिन्यात कुआंगना भर बैठकीत मंचावरून उचलून नेलं. लुआन जिंकले. हुकूम निघाला की कुआंगचं अक्षर प्रांतात कुठेही दिसता कामा नये. जुन्या पाट्या उतरल्या, लुआनच्या चढल्या. त्याही मीच लिहिल्या. मला हटवून मलाच बसवण्यात आलं.

मग पाथरवट शिन मास्तर छिन्नी घेऊन टेकडीवर आमच्या आईच्या थडग्यापाशी आले. तो दगड मी लिहिलेला, कुआंगचं म्हणून गाजलेल्या त्याच वळणात.

"मास्तर, ही माझी आई आहे!"

"आई तुमचीच हो, कोण नाही म्हणतंय? पण अक्षर कुआंगचं. वरून हुकूम आहे."

"अक्षर माझं आहे."

"मग हे मला कशाला सांगता? वर जाऊन सांगा. सोमवारपर्यंत मी रोज छिन्नी घरी विसरतो. त्यापुढे मलाही पोट आहे."

घरी आलो तर छ्यूयुन कणीक मळत होती. "अहो, आईंना तरी सोडायचं होतं! त्यांच्या डोक्यावरही साहेबी अक्षरच हवं होतं?"

"मला तेवढं एकच बरं जमतं गं."

"मग जा आणि तसं सांगा."

"लुआन मला सोडणार नाहीत."

"नाही सांगितलंत तर मी सोडणार नाही."

३. सबब सोमवारी, कुआंगच्या चौकशीसाठी बीजिंगहून आलेल्या तपास पथकापुढे मी दोन्ही साहेबांची अक्षरं एका कागदावर काढून दाखवणार आहे. अक्षर माझं ठरलं की आईचा दगड वाचेल. लुआनच्या पाट्यांचं काय ते लुआन बघतील. मी कोणत्या गटाचा हे ठरवताना पथकाची पंचाईत होईल. बहुधा दोन्हीत घालून मोकळे होतील.

४. दोन्ही साहेबांनी दिलेल्या ज्वारीच्या दारूच्या बाटल्या शेजाऱ्यांनी एकाच ग्लासात ओतून प्याव्यात. चवीत फरक लागल्यास मला तुरुंगात कळवावं.

५. शाई उगाळायचा दगड शिन मास्तरांना, छिन्नीला धार लावण्यासाठी.

६. सहकारी गू याने आईचं थडगं वरच्यांच्या नजरेस आणून दिलं. त्याला माझी खुर्ची, माझे कुंचले आणि लुआनसाहेब, असं तिन्ही मिळावं. ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

७. मला आईशेजारी ठेवावं. माझ्या दगडावरचं नाव मुलगी याओयाओ हिने स्वतः लिहावं. ती दातांची डॉक्टर आहे, तिची चिठ्ठी औषधवाल्यालाही वाचता येत नाही. लहानपणी त्या अक्षरापायी मी तिच्या हातावर पट्टी मारली होती. आता तिने ते तसंच ठेवावं. त्यावर कोणताही साहेब हक्क सांगणार नाही, आणि बीजिंगमध्ये कोणीही पडलं तरी ते खरवडायला टेकडीवर माणूस येणार नाही.

साक्षीदार:
शिन देफा, पाथरवट (छिन्नी आजही घरीच आहे)
श्रीमती पांग, खालच्या नूडल्सच्या दुकानाच्या मालक

ठिकाण रोंगपिंग, छिंगमिंग, म्हणजे पितरांची थडगी झाडायच्या सणाआधीचा रविवार.

सही: तोंग रुईलिन. अक्षर माझं.