चुलीत न घातलेला फोन

बाबा,

"खेळावर संसार चालत नाही" म्हणत तुम्ही माझा फोन हिसकावलात, आणि मी घर सोडलं. तीन वर्षं आपण बोललो नाही. तो फोन तुम्ही चुलीत घालणार होतात. घातला नाहीत, हे मला गेल्या महिन्यात कळलं. त्यातल्या मोबाइल गेमच्या माझ्या जुन्या खात्यावरून कुणीतरी खेळत होतं. मी नव्या नावाने टीममध्ये शिरलो, तर पहिल्याच डावात लिहून आलं, "मागे बघ, गाढवा!" ऊठसूट गाढव म्हणणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण असणार?

तेव्हापासून वेल्डिंगच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर खेळतो. मी कोण, ते तुम्हाला माहीत नाही. डबा तसाच राहतो, पण मजा येते. तुम्ही फार भित्रे आहात, सारखे झाडामागे लपता.

आज मात्र डाव अर्धा टाकून तुम्ही लिहिलंत, "उद्यापासून नाही. हृदयाचं ऑपरेशन आहे. पोराला कळवलेलं नाही, काम टाकून धावत येईल."

मी लिहिलं, "नंतर कळलं तर चिडेल ना तो?"

"चिडू दे. चिडायला तरी फोन करेल."

हे मी वेल्डिंग रॉडच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितोय. टपालाने पोचायला आठ दिवस लागतील आणि ऑपरेशन उद्या आहे, म्हणून पाठवत नाही. माझा आवाज ऐकून तुम्ही फोन ठेवाल, याची भीती वाटते. सुट्टी संपल्याचा भोंगा झालाय, मुकादम बोंबलतोय. बोंबलू दे. आधी तुमचा नंबर लावतो.

आता मागे बघणारा,
तुमचा गाढव