पिवळ्या चपलांना मी काय सांगितलं?

ती. दाजी,

नमस्कार. (एकाच हाताने करतो आहे, उजवा खांदा वर जात नाही, उद्धटपणा समजू नये.) तुमची शुगर आणि ताईचा राग, दोन्ही आटोक्यात असतील. बेकरीसाठी तुम्ही दिलेलं मैदा मळायचं मशीन झकास चाललं आहे.

आता तुम्ही विचाराल, मशीन असताना खांदा कशाने धरला? तर हवेने. हिने मला मसाज सेंटरात धाडलं. काउंटरवरच्या बाईंनी मसाजच्या प्रकारांचं कार्डच पुढे केलं. स्वीडिशने म्हणे अंग सैल पडतं आणि झोप लागते, गरम दगडांनी आखडलेलं अंग सुटतं (दिवसभर भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायचं!), आणि तळव्यांच्या मसाजात पाय दाबून डोकं हलकं करतात. दुखतोय खांदा, दाबणार पाय, हलकं होणार डोकं. मला काही कळेना. शेवटी 'डीप टिश्यू' निवडला. टिश्यू म्हणजे हात पुसायचा कागद, त्याने कितीसं लागणार? (स्नायूंच्या खोल थरापर्यंत दाब देतात, त्याने गाठी सुटतात, हे नंतर कळलं. आधी फक्त कोपर कळलं.)

टेबलाला तोंडापुरतं भोक असतं. त्यात तोंड घालून पालथं पडलं की खाली फरशी आणि मसाज करणारीच्या चपला, एवढंच दिसतं. चपला निळ्या होत्या. पहिल्या दाबाला जीव गेला, पण पुढे असं मोकळं वाटलं, दाजी, की डोळ्यांत पाणी आलं. अंग सैल पडलं तसं तोंडही सैल सुटलं. मी त्या चपलांना सगळं सांगून टाकलं. दाजींनी हौसेने आणलेलं मशीन तीन महिने गोणपाटाखाली झाकलेलं आहे, मी हातानेच मळतो, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटं कळवतो. ओघात तुमच्या स्वभावाचाही विषय निघाला असेल. मग पुन्हा खाली बघतो तर चपला पिवळ्या.

निळ्या कधी गेल्या, पिवळ्या कधी आल्या, कुठलं वाक्य कोणाच्या वाट्याला गेलं, काही पत्ता नाही. उठून बघतो तर पिवळ्या चपलांत तुमची सूनबाई. (ती कसलीशी थेरपी करते असं ताई म्हणाली होती, मी समजलो, बोलण्याची असेल.) "मामा, छान झोपलात की. घोरत होतात," एवढंच म्हणाली आणि हसली. मी घोरत होतो तर बोललं कोण? आणि बोललो नसेन तर ती हसली का? चार दिवस याच घोळात आहे. खांदा मात्र थोडा सुटला.

तेव्हा सूनबाई घरी काही बोलली का, एवढा सहज कानोसा घ्यावा. ताईला कळू देऊ नये.

तुमचा गोंधळलेला मेहुणा

ता.क. हिने पत्र वाचलं. मला म्हणते, "सूनबाईने सांगितलं नसेल तर आता तुम्हीच सांगितलंत." पुन्हा लिहायला खांदा साथ देत नाही, तेव्हा कृपया चपलांचा परिच्छेद गाळून वाचावा.

ता.क. २. आता झाकण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून विचारतो. मशीन चालू करायचं बटण कुठल्या बाजूला असतं? तीन महिने शोधतो आहे. तुम्हाला विचारायची लाज वाटली. रविवारी येऊन दाखवाल का? जाताना पाव घेऊन जा. हाताने मळलेलेच असतील.