खर्ड्यापर्यंतची बॅटरी

४ मार्च १९९३
बॅटरीच्या ॲसिडने बायकोचं, पुष्पावतीचं, पातळ जळालं. जुनंच होतं. तरी रागावून खर्ड्याला भावाकडे गेली. जाताना मी बजावलं, आता न्यायला येईन तो माझ्या बॅटरीच्या मोटरसायकलवरच. देवासमोर उभं राहून बोललो. जामखेड ते खर्डा पंचवीस किलोमीटर. गाडी सध्या एका चार्जिंगवर आठ जाते. चार-सहा महिन्यांचं काम.

२ जून १९९४
ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बसवल्या. चौदा किलोमीटर! परत ढकलत आणली. वजन फार.
मेहुणा सहादेव बाजारात भेटला. म्हणाला, "दाजी, तुमी चालत आला तरी ताई येईल तुमच्यासंगं."
बॅटरीतलं त्याला काय कळतं?

११ जानेवारी १९९६, सकाळी
नव्या बॅटऱ्या, जाड प्लेटांच्या. एकोणीस. आता सहा किलोमीटरसाठी शब्द मोडण्यात अर्थ नाही.
डिस्टिल्ड वॉटर घाला म्हणतात. उकळून जीव काढलेलं पाणी ते. मी आंघोळ करून देव्हाऱ्यातलं गोदावरीचं पाणी घातलं.

१५ फेब्रुवारी १९९६
अकरा. हल्ली वारा समोरून असतो.
बॅटरीवाला म्हणे, त्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा गेल्या. नास्तिक माणूस.

९ ऑगस्ट १९९७
पुष्पावतीला टायफॉईड झाल्याचा निरोप. जायचं ठरवलं होतं, पण गाडी अजून बावीसच जाते. मारुतीला तेल वाहिलं. तिला समजेल.

७ डिसेंबर १९९८, सायंकाळी
सव्वीस! खर्डा गाठला.
सहादेवच्या बायकोने चाकावर पाणी ओतलं, गाडीला कुंकू लावलं. पुष्पावती बाहेर आली. केस पांढरे झालेत. अंगणात उभं राहून तिला सगळी हकिकत सांगितली. आठ, चौदा, एकोणीस, सव्वीस. वजन कमी झालं, प्लेटा सुधारल्या, चार्जर मी स्वतः केला. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, आता परत जायला हिच्यात किती आहे?
मी म्हणालो, काही नाही. रात्रभर चार्ज करावी लागेल. आणि दोघांचं वजन ओढायचं तर अजून एखादं वर्ष. फार तर दोन.
ती म्हणाली, "मग गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. तिला बघाया तरी येत जाल."
आणि आत गेली.
एसटीने परतलो. पाऊण तासात जामखेड.