तळव्यांवरची भुकटी

३ मार्च, सोमवार

पोहोचले एकदाची! दोन बॅगा आणि ताईने बळेबळे गळ्यात मारलेली उशी, सगळं शाबूत. खोली तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत दिवसभर ऊन. प्रयोगशाळा चालत दहा मिनिटांवर. आमच्या प्रमुख, म्हणजे बाई, सकाळी म्हणाल्या की पहिला आठवडा नुसतं बघायचं. दुपारी त्याच म्हणाल्या, अगं बघत काय बसलीस, हात लाव की!

भट्टीची खोली मामांच्या ताब्यात. मामा तिथले जुने तंत्रज्ञ, सगळ्यांचेच मामा, अगदी बाईंचेसुद्धा. त्यांनी मला ओळखीआधी चहा दिला.

११ मार्च, मंगळवार

काम हाताला लागतंय. मधासारखा दाट पॉलिमर घ्यायचा, त्यात टायटॅनियमचं द्रावण थेंबथेंब सोडायचं, मंद आचेवर त्याची जेली करायची. मग ती नळीच्या भट्टीत हजार अंशांवर भाजायची, आणि नळीत हवेऐवजी अरगॉन वायू. बाहेर येतं ते काळं सिरॅमिक. कुटून त्याची भुकटी करायची. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कण असतात. निळ्या पाण्यात चिमूटभर टाकून दिव्याखाली ठेवलं की रंग विरत जातो. उजेड पडला की ही भुकटी प्राणवायूला कामाला जुंपते आणि रंगाचे तुकडे पाडते. पुढेमागे कारखान्यांचं पाणी असं धुता येईल. सध्या दोन तास लागतात. बाईंना अर्ध्या तासात हवंय.

मामांचं म्हणणं, भट्टी सासूसारखी, बोलत नाही पण लक्ष सगळीकडे. एका बाबतीत मात्र ते चेष्टा करत नाहीत. भिंतीवर भोंगा आहे, खोलीतला प्राणवायू कमी झाला की केकाटतो. अरगॉनला वास नाही, रंग नाही. गळला तर माणूस बसल्या जागी जातो, त्याला पत्ताही लागत नाही.

२० मार्च, गुरुवार

भोंगा तीन दिवस उगीचच केकाटतोय. हवा तपासली, ठणठणीत. आज वैतागून त्याची विजेची पिन काढून ठेवली. मामा रजेवर होते. उद्या आले की सांगते.

२३ मार्च, रविवार

मामा गेले.

निदान इथे तरी खरं लिहिते. शुक्रवारी सकाळी मीच त्यांना म्हटलं, मामा, पुन्हा भाजायला ठेवलेली माझी भुकटीची थाळी भट्टीतून काढाल का, मी चहा घेऊन येते. पिनेचं सांगायचं राहून गेलं. परत आले तर ते भिंतीला टेकून बसलेले, मान कलंडलेली. नळीचं झाकण सैल झालं होतं. मी वायू बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना हलवलं, खूप हलवलं.

आणि मग, कोणाला हाक मारायच्या आधी, मी भोंग्याची पिन परत लावली.

थाळी त्यांच्या अंगावर सांडली होती. भुकटी मी हातांनीच गोळा केली. जमिनीवरची, आणि त्यांच्या सदऱ्यावरचीसुद्धा. का केलं, ठाऊक नाही. वाया जाऊ नये म्हणून? असं वाटलं असेल तर मी कोण आहे?

चौकशीवाल्यांना म्हटलं, भोंगा चालू होता. त्यांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. मामी माझा हात धरून म्हणाल्या, शेवटी तू होतीस ना जवळ, तेवढंच बरं वाटतं गं.

२९ मार्च, शनिवार

त्या भुकटीने निळं पाणी नऊ मिनिटांत स्वच्छ केलं. बाईंनी मला मिठी मारली. मी हात धुवायला पळाले.

तळव्यांवरचा करडा रंग जात नाहीये. साबण झाला, ॲसिटोन झालं. चामडी सोलवटली, रंग तसाच.

२ एप्रिल, बुधवार

ताई भेटायला आली. बाल्कनीत उन्हात बसलो, मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती नेहमीसारखी बडबडत होती आणि मध्येच थांबली. म्हणाली, जीव घाबराघुबरा होतोय. ओठ निळे. मी पाणी आणायला आत पळाले, परतले तर ती बरी. म्हणाली, वय झालं बघ माझं. मी पुन्हा जवळ बसले. पुन्हा तेच.

तिला दुपारच्याच गाडीत बसवून दिलं. ती रागावून गेली. जाऊ दे. जिवंत गेली.

४ एप्रिल, शुक्रवार

आज प्रयोगशाळेत खात्री केली. हवेतल्या प्राणवायूचे टक्के दाखवणारा मीटर टेबलावर ठेवला. एकवीस. शेजारी दिव्याखाली उघडा तळवा धरला. एकोणीस. सतरा. पंधरा. मला धाप लागली. हात खिशात घातला, आकडा हळूहळू वर. हातमोजा घालून धरला, एकवीसच.

म्हणजे भुकटी माझ्यात आहे. उजेड पडला की ती हवा खाते. माझी, आणि जवळ असेल त्याची.

करडेपणा कोपरापर्यंत चढलाय.

६ एप्रिल, रविवार

मानेपर्यंत. खिडक्यांना काळे कागद चिकटवले. अंधारात श्वास नीट येतो. बाईंचे फोन, उचलले नाहीत.

पिनेचं सगळं लिहिलं. एक पत्र बाईंना, एक मामींना. शेजाऱ्यांच्या हाती पाठवली. वाटलं होतं, लिहिलं की रंग थोडा तरी उतरेल.

नाही उतरला. बरोबरच आहे.

७ एप्रिल

चेहरा. पापण्यासुद्धा. दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ येते, तिच्यात वही सरकवून लिहितेय. हातमोजे आहेत.

८ एप्रिल, सकाळ

मामी आल्या आहेत. दाराबाहेर. एकट्याच.

पत्र वाचलं म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तेवढं देणं लागतेस तू मला.

आतून म्हटलं, सांगते, सगळं सांगते, पण तिथूनच ऐका. आत येऊ नका. त्यांना वाटतंय मी तोंड लपवतेय —

घरमालकीणबाई किल्ली देतायत त्यांना — ऐकू आलं — मी दाराला पाठ लावली, पण अंगात जोर —

आत आल्या. मागे दार लोटून घेतलं त्यांनी. आम्हा दोघींचं बोलणं कोणी ऐकायला नको म्हणून. अंधार, फक्त फटीतली रेघ आणि तिच्यात वही. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघा दुखतो त्यांचा, तरी बसल्या. माझं डोकं मांडीवर घेतलं. रडतायत. म्हणतायत, बोल बाळ. मी बोलले. सगळं. पिन, सदरा, सगळं. मग म्हणाल्या, तुझा चेहरा बघायचाय मला, हे बोलणारा चेहरा —

उठल्या. भिंत चाचपतायत. बटण शोधतायत. मी नको म्हणतेय, त्यांना वाटतंय शरमेने — मामी नको, लावू नका, माझ्यापासून लांब —

सापडलं त्यां