गाठीपर्यंत पोचलेली पेशी

माण, हिंजवडी
रविवार दुपार

ती. आईस,
तनुजाचा नमस्कार. मी इथे मजेत आहे, डबा वेळेवर खाते. शेळी व्यायली का? फोनवर तुझ्या गाठीचा विषय काढला की तू शेळीवर जातेस, म्हणून लिहितेय.

काल लॅबमध्ये जे पाहिलं, त्यानं अजून अंगावर काटा आहे. कॅन्सर मारणारा विषाणू नुसता रक्तात सोडला, तर शरीराचे पहारेकरी त्याला वाटेतच गाठतात. म्हणून आम्ही तो एका जिवंत पेशीच्या पोटात लपवतो. नवनाथदादाच्या चाकणच्या कंपनीत गेटवर परक्याला अडवतात, पण कंपनीची बस सरळ आत सोडतात ना, तसंच. काल ती पेशी उंदराच्या गाठीत शिरली, फुटली, आणि विषाणू कॅन्सरवर तुटून पडले. एवढ्या शरीरात तिला वाट कशी सापडली गं? पोचवलं आणि स्वतः संपली. मायक्रोस्कोपच्या पडद्यावर मी ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं.

पण आई, हे उंदरात. माणसांना मिळायला किती वर्षं लागतील, आमच्या मॅडमनाही सांगता येत नाही. 'पोरीचं औषध यायलंय, कापाकापी कशाला,' असं तू डॉक्टरांना म्हणालीस, हे दादानं सांगितलं. चूक माझीच. फोनवर मीच फार कौतुक केलं.

ऑपरेशनची तारीख घे. शेळी गोजाकाकूंकडे सोड. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे.

माझं औषध येईल तेव्हा ते बघायला तू हवीस.

तुझीच,
तनू