बाळाचं नाव कुणी घ्यायचं?

प्रिय भेकीदादा,

काल रेडिओवर तुझा आवाज ऐकला. मीच काय, साऱ्या गावानं ऐकला. जोहान्सबर्गहून फोन लावून तू ठणकावून सांगत होतास, "सरकारनं पोरांचा भत्ता सुरू केला आणि पोरी लग्नाआधीच आया व्हायला लागल्या." शेजारची मासिबिया रेडिओ उचलून थेट आमच्या दारात. "ऐक गं बुसी, तुझा भाऊच म्हणतोय!" मी म्हटलं, "त्या भत्त्यात दुधाचे डबेसुद्धा महिनाभर पुरत नाहीत. एवढा सोपा धंदा असेल तर तूही काढ की एखादं!" साठीची बाई, हसता हसता खालीच बसली.

पण खरं सांगू दादा? मला रागसुद्धा येत नाही आताशा. मी नुसती थक्क होऊन बघत असते. माझी नोक्वाझी सतराची. कळा येत होत्या तरी ओरडली नाही, माझा हात धरून "आई, आहेस ना?" एवढंच विचारत राहिली. आणि मग तिच्या पोटची ती मुलगी! एवढीशी, ओली, रागावलेली. माझं बोट असं पकडलं की सुटता सुटेना. बाई गं, एवढ्याशा जिवात ही ताकद येते कुठून? आता नोक्वाझी पहाटे तिला पाजते, माझ्या पाठीवर बांधते आणि गणवेश घालून शाळेला निघते. वर्गातल्या पोरी टोमणे मारतात. तरी जाते. फाटकात उभी राहून मी बघते आणि अंगावर काटा येतो.

बाळाच्या बापाच्या घरच्यांनी हात वर केले. लग्नाआधी पोर झालं म्हणून द्यायच्या दंडाच्या गायी नाहीत, साधी कबुलीही नाही. म्हणजे नोक्वाझीसारखंच हे बाळही आपल्या घरचं, आपल्या आडनावाचं. मी बकरी आणली आहे, ज्वारीची बिअर आंबायला घातली आहे. पण पूर्वजांपुढे बाळाचं नाव घ्यायचं ते घरातल्या वडील पुरुषानं, आणि तू निरोप धाडलास, "भत्त्याच्या पोराचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही." नोक्वाझीनं तो ऐकला. बकरीच्या कातड्याचं कडं जिथं बांधायचं, ते बाळाचं मनगट कुरवाळत बसली.

दादा, तू झालास तेव्हा आपली आई सोळाची होती. मागाहून मी. बाप कधी आलाच नाही. आपल्यासारख्यांना तेव्हा कुठला भत्ता होता रे? गाव हसतच होतं. आजोबांनी बकरी कापली, तुला दोन्ही हातांवर उचललं आणि पूर्वजांना मोठ्यानं तुझं नाव सांगितलं. आई मरेपर्यंत ते सांगताना रडायची. शनिवारी त्याच अंगणात मी बाळाला घेऊन उभी राहीन. ये रे दादा. तिचं नाव घ्यायला दुसरं कुणी नाही.

वाट बघणारी, तुझीच
बुसी